सुझोऊला राहायला जाताय? आधी नावाचं बघा

काल संध्याकाळी सव्वासातला माझ्या चिनी खात्यातून फोनवरून पहिल्यांदा पैसे गेले. कारखान्यातल्या आमच्या लाइनवरच्या चिनी सहकाऱ्याचे उसने घेतलेले शेवटचे ३,००० युआन. चीनमधल्या, शांघायजवळच्या सुझोऊत येऊन तो अठ्ठेचाळिसावा दिवस होता. मी भाजीच्या दुकानात पालकाची जुडी हातात धरून उभी होते, आणि स्क्रीनवर हिरवी खूण आली तसं मला रडूच आलं. रात्री लगेच लिहायला बसले, कारण पुढच्या महिन्यात चाकणहून आणखी दोघं येणार आहेत आणि मला जे सांगितलं गेलं तेच त्यांनाही सांगितलं जाईल.

मला सांगितलं होतं, "अलीपे टाक, कार्ड जोड, झालं. बाकी सगळं आठवड्याभरात होतं." दहा दिवस फिरायला येणाऱ्याला हे लागू आहे. राहायला येणाऱ्याला नाही. आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड अलीपे किंवा वीचॅट या पैसे देण्याच्या चिनी ॲपना जोडलं की दुकानात, मेट्रोत, टॅक्सीत चालतं. २०० युआनपर्यंत जादा आकार पडत नाही, त्यावरच्या बिलाला ३ टक्के पडतात, म्हणून मोठी खरेदी शक्यतो तुकड्यांत करा. पण त्या कार्डावरून एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला पैसे जात नाहीत. घरमालकीण ही दुकान नव्हे, माणूस आहे. तिथेच गाडी अडते.

घर घेताना पद्धत अशी की एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. माझं भाडं ३,५०० युआन. म्हणजे १४,००० आणि एजंटाचे अर्ध्या महिन्याचे १,७५०. एकूण १५,७५०, युआनला बारा रुपयांच्या हिशोबाने एक लाख एकोणनव्वद हजार, तेही पहिला पगार हातात पडायच्या आधी. ही रक्कम सहकाऱ्याने स्वतःच्या खात्यातून भरली. ओळख जेमतेम सहा दिवसांची. त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण परक्या देशात पहिल्याच आठवड्यात एवढं ऋण डोक्यावर घेऊन झोप लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्या: घराची सुरुवातीची रक्कम कंपनी थेट भरेल आणि पगारातून कापेल. तोंडी आश्वासनावर विमानात बसू नका.

आता नावाचं. हे नीट वाचा, बाकी सोडलंत तरी चालेल.

चीनमध्ये फोन नंबर, बँक खातं आणि पैशाचं ॲप या तिन्हींवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं. चिनी माणसाचं नाव दोन-तीन अक्षरांचं. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव, मोकळ्या जागा धरून सव्वीस अक्षरं. तुमच्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल, तर तुमचंही असंच होणार.

दुसऱ्याच दिवशी मी एका छोट्या काउंटरवर सिम घेतलं. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट डाव्या हाताने उघडा दाबून धरला आणि उजव्या हाताच्या एका बोटाने एकेक अक्षर टाइप केलं. माझं नाव घातलं, नवऱ्याचं त्याला चिकटवलं, मग आडनाव. मधे जागा कुठेच नाही. मला स्क्रीन दिसत होती, पण त्याने काही बिघडेल असं वाटलंच नाही. पस्तिसाव्या दिवशी बँकेने खातं उघडलं ते पासपोर्टप्रमाणे: आधी आडनाव, मग जागा, मग नाव, मग जागा, मग नवऱ्याचं नाव. संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. वीचॅटने खातं जोडायला नकार दिला. बँकेच्या ॲपनेही दिला. वीजबिल भरता येईना, डब्याच्या वर्गणीतला वाटा देता येईना. पगार आला, तो एटीएममधून नोटांनी काढायचा आणि सहकाऱ्याला लिफाफ्यातून थोडे थोडे परत करायचे. त्याला त्या नोटा कुठे ठेवाव्यात कळत नसे.

बँक म्हणे सिमवाल्यांकडे जा, सिमवाले म्हणत बँकेकडे. तीन फेऱ्या झाल्या, तीन अर्ध्या रजा गेल्या. शेवटी सहकारी बरोबर आला, फोन कंपनीच्या मोठ्या शाखेत गेलो, बँकेत छापून घेतलेला नावाचा कागद काचेखाली सरकवला आणि तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत नाव दुरुस्त केलं. दहा मिनिटांचं काम!

तेव्हा सिम विमानतळावर किंवा गल्लीतल्या काउंटरवर घेऊ नका. मोठ्या शाखेत, चिनी बोलणाऱ्या माणसाला घेऊन जा. पासपोर्टच्या पानावर तळाशी ज्या दोन ओळी असतात त्यांतला क्रम दाखवा: आडनाव आधी. दोन शब्दांच्या मधे एकच जागा. एंटर दाबण्यापूर्वी स्क्रीनचा फोटो काढा आणि तोच फोटो बँकेत दाखवा. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, सगळं नाव एकाच रकान्यात असेल, तर व्हिसाच्या आधी पुण्यातच पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. इथे येऊन ते निस्तरणं फार अवघड.

बँकेत खातं उघडायला एवढे दिवस का लागले, तर कामाचा व्हिसा असला तरी इथे आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. त्याआधी वैद्यकीय तपासणी, उपाशीपोटी जा. अर्ज दिला की पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि फोटो असलेली पावती देतात. माझा पासपोर्ट अठरा दिवस त्यांच्याकडे होता, आणि त्या पावतीवर कुठलीच बँक खातं उघडेना. म्हणून पासपोर्ट हातात आहे तोवर सिमचं नाव पक्कं करा.

पोलिसांकडची नोंद हलक्यात घेऊ नका. हॉटेलात उतरलात तर हॉटेल करतं. घरात राहायला गेलात की २४ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरार आणि पासपोर्ट घेऊन जायचं. घर बदललं की पुन्हा. चुकलात तर २,००० युआनपर्यंत दंड आहे. ठाण्यातली माणसं मात्र सभ्य वागली. घरमालकीण स्वतः आली होती. इथे मोठ्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात, म्हणजे मावशी. पहिल्यांदा तशी हाक मारताना माझाच घसा दाटला.

भारतातलं सिम चालू ठेवा आणि रोमिंग घ्या. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि रोमिंगच्या डेटावर व्हॉट्सॲप चालतं. चिनी सिमवर ते आणि जीमेल दोन्ही बंद.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. परतलेल्या फरसबीतही डुकराचा खिमा असतो, सूप कोंबडीच्या हाडांचं असतं. सहकाऱ्याकडून फोनमध्ये चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, चरबी, हाडांचं पाणी काहीच नको. इथल्या शियुआन या बौद्ध मंदिरातल्या मशरूमच्या शेवया निर्धास्त खा. मी दर रविवारी जाते.

बागा, कालवे, शांघायची सहल, सगळं झालं. बुलेट ट्रेनने अर्धा तासही लागत नाही. छान आहे.

थंडीचं मात्र कोणीच सांगितलं नव्हतं. उत्तर चीनमध्ये घरं सरकारी व्यवस्थेने तापतात, यांगत्से नदीच्या या बाजूला, दक्षिणेला, नाही. बाहेर ४ अंश असतं तेव्हा स्वयंपाकघरातही जवळपास तेवढंच, आणि हवा ओली. पुण्याचा स्वेटर इथे कामाचा नाही. विजेवर तापणारी गादीवरची चादर पहिल्याच आठवड्यात घ्या, दीडशे युआनच्या आत मिळते, म्हणजे ३ टक्केही वाचतात. मी ती चाळीस दिवसांनी घेतली.