पावसाळ्यातलं दार आणि आप्पांचा रंधा

जुलै लागला की खानापूर भागातून फोन सुरू होतात, "मेस्त्री, दार बसंना झालंय." घाटाकडचा पाऊस तसाच. लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, तेही रुंदीत. उंचीत जवळपास काहीच नाही. म्हणून दार कडीच्या बाजूला घासतं.

नंदगडजवळ एका घरी गेलो, तर आदल्या पावसात कुणीतरी तिथं इलेक्ट्रिक रंधा मारून गेलेला. उन्हाळ्यात दार सुकलं आणि फटीतून पेन्सिल आरपार जायला लागली. फणसाचं दार, आजोबांच्या वेळचं. फट दाखवताना काकू रडकुंडीला आल्या होत्या. शेवटी कडेला पट्टी जोडून दिली. अजून तिकडं गेलो की ती पट्टी डोळ्यांना टोचते.

असल्या दाराला मी आप्पांचा लाकडी रंधाच काढतो. तळाला डोळा लावून पातं सरळ आहे का बघायचं, पात्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी द्यायची. जास्त उतरलं तर टिचकी रंध्याच्या मागच्या टोकाला, पातं वर सरकतं. पाचर घट्ट करायची. मग चौकटीला खडू फासून दार लावायचं. दाराला जिथं खडू लागला, तेवढ्याच जागेवर दोन हात मारायचे आणि परत लावून बघायचं. छिलक्यातून उजेड दिसला पाहिजे, इतका पातळ. लाकडाची नस, म्हणजे धाग्यांची दिशा, उलटी आली तर मनगटाला आधी कळतं, मी बाजू बदलतो. मशीन तोवर पापुद्रा उचकटून मोकळं होतं.

मशीनवर माझा राग नाही. आप्पा आणि काका मोठ्या करवतीनं सागवानाचे ओंडके चिरायचे, एक वर, एक खाली. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. ते दिवस कुणालाच नकोत. चिराईला मशीनच पाहिजे.

पण फरशीच्या चार इंची कटरला लाकडाचं पातं लावून, गार्ड काढून काम करणारी पोरं बघितली की पोटात गोळा येतो. मिनिटाला १०,००० च्या वर फेरे, आणि पातं अडकलं की कटर अंगावर उसळतो. माझ्याकडच्या पोराच्या अंगठ्याला सहा टाके पडले. गार्ड त्यानं काढला नव्हता. घाईत मीच काढून ठेवला होता.

आता गार्ड जागेवर आहे. पोरगा रोज सकाळी दगडावर पाती घासतो, आणि यंदा दाराला खडू लावून बघायचं काम त्याच्याकडं दिलंय.