जेसी मॅकरेनॉल्ड्स यांचा उजवा हात

टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांची सीमा ब्रिस्टल गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध जाते. या गावात १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन आले आणि आजूबाजूच्या डोंगरांतून उतरून आलेल्या गायक-वादकांची गाणी त्यांनी मुद्रित करून घेतली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स ही अमेरिकी कंट्री संगीतातील आद्य नावे त्याच मुद्रणांतून जगापुढे आली. त्या यादीत ‘बुल माउंटन मूनशायनर्स’ असे एक नाव आहे, ज्यावरून नजर सहज पुढे सरकते. या मंडळींत फिडल, म्हणजे लोकसंगीतातील व्हायोलिन, वाजवणारे चार्ल्स मॅकरेनॉल्ड्स होते. त्यांचे नातू जेसी यांच्याविषयी आज लिहायचे आहे, कारण ब्लूग्रास या अमेरिकी कंट्री संगीताच्या शैलीतील मँडोलिनच्या इतिहासात बिल मन्रो यांच्यानंतर इतका स्वतंत्र विचार करणारा वादक मला दुसरा दिसत नाही, आणि तरीही मँडोलिन वाजवणाऱ्यांच्या वर्तुळाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नसते.

मी राहते तो टेनेसीचा ईशान्य कोपरा आणि पलीकडचा नैर्ऋत्य व्हर्जिनिया हा या संगीताचा मूळ मुलूख आहे. येथे वाण्याच्या जुन्या दुकानात, चर्चच्या तळघरात किंवा एखाद्या हॉटेलच्या कोपऱ्यात संध्याकाळी लोक आपापली वाद्ये घेऊन जमतात, गोल करून बसतात आणि कोणीही नवखा आला तर त्याला जागा करून देतात. अशाच बैठकींना जाऊन मी मँडोलिन शिकायला घेतले.

ब्लूग्रासच्या पारंपरिक वाद्यवृंदात तालवाद्य नसते. गिटार, बँजो, फिडल, मँडोलिन आणि उभा बास एवढ्यांवर सारे चालते, आणि ताल धरण्याचे मोठे काम मँडोलिनकडे येते: बासच्या ठोक्यांच्या मध्ये, सगळ्या तारांवर एकदम, एक कोरडा आणि तुटक आघात. यालाच चॉप म्हणतात. १९४० च्या दशकात हे संगीत घडवणारे केंटकीचे बिल मन्रो स्वतः मँडोलिन वाजवत. त्यांच्या वादनात जबरदस्त जोर होता, ब्लूजचा रंग होता, आणि मनाचा एक ताठपणा होता जो प्रत्येक स्वरात ऐकू येतो. त्यामुळे ब्लूग्रासचे मँडोलिन म्हणजे मन्रो हे समीकरण पक्के झाले. आजही येथे शिकणाऱ्याला आधी चॉप आणि मग मन्रोंच्या चाली शिकवतात.

आपल्याकडे मँडोलिन ऐकलेला कान निराळा असतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर मुळात मँडोलिनवादक होते, आणि सज्जाद हुसेन यांनी तर या परदेशी वाद्यावर रागसंगीत वाजवून दाखवले. चित्रपटगीतांत मात्र हे वाद्य बहुधा थरथरत्या, अखंड सुरांत भेटते, आणि त्याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे. मँडोलिनच्या तारा आखूड आणि ताठ असल्याने छेडलेला स्वर लगेच विझतो. तो टिकवून धरायचा तर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, वेगाने वर-खाली हलवत राहावे लागते. मन्रोंचा चॉप स्वराच्या या अल्पायुष्याचाच उपयोग करून घेतो, तर थरथराट ते झाकतो. जेसी यांनी यांहून वेगळी, तिसरी वाट काढली.

त्यांचा जन्म ९ जुलै १९२९ रोजी व्हर्जिनियाच्या वाइज परगण्यात, कोबर्न गावाजवळच्या कारफॅक्स या वस्तीत झाला. हा कोळशाच्या खाणींचा प्रदेश आहे. थोरले बंधू जिम गिटार वाजवत आणि वरच्या पट्टीत साथीचा स्वर लावत, तर जेसी मँडोलिन वाजवत आणि मुख्य चाल गात. १९४७ मध्ये दोघे भाऊ जवळच्या नॉर्टन गावच्या रेडिओ केंद्रावर गाऊ लागले. दोन भावांनी मिळून गाण्याची या डोंगरांत जुनी रीत आहे. एकाच घरात वाढलेल्या दोन आवाजांत उच्चारांचे आणि श्वासाचे जे ऐक्य येते ते शिकवून येत नाही, आणि या दोघांचे गाणे तर विलक्षण मऊ आणि रेखीव होते.

त्याच सुमारास ते होक जेन्किन्स या बँजोवादकासोबत काम करत होते. बँजोवर अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीन बोटे आळीपाळीने वेगवेगळ्या तारा छेडतात, आणि त्यातून स्वरांचा न थांबणारा ओघ निर्माण होतो. अर्ल स्क्रग्ज यांच्यामुळे ही शैली तेव्हा सर्वत्र गाजत होती. जेसी यांना हा ओघ मँडोलिनवर हवा होता. पण मँडोलिन वाजवणाऱ्याच्या हातात एकच पिक असते. तीन बोटांचे काम एका पिकने करून घेण्याची जी पद्धत त्यांनी बसवली, तिला क्रॉसपिकिंग म्हणतात.

ती प्रत्यक्षात कशी चालते ते सांगते. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात आणि त्या व्हायोलिनसारख्याच लावतात. समजा, चालीचा स्वर तिसऱ्या जोडीवर आहे. पिक खाली येताना तो स्वर वाजवते, मधली जोडी न छेडता ओलांडते, सर्वांत बारीक अशा पहिल्या जोडीच्या पलीकडे पोहोचते आणि परत वर जाताना आधी पहिली, मग दुसरी जोडी छेडते. म्हणजे खाली, वर, वर. हे दोनदा झाले की सहा स्वर होतात; मग एकदा खाली आणि एकदा वर, असे दोन स्वर वाजवले की आठांचे आवर्तन पुरे. केरव्याच्या आठ मात्रा तीन-तीन-दोन अशा तोडल्या की जो झोल येतो, तोच येथे येतो, आणि खालचा बास मात्र आपली सरळ लय सोडत नाही. इतर बहुतेक मँडोलिनवादक पिक खाली-वर, खाली-वर अशी चालवतात. लागोपाठ दोनदा वर जाणे ही मनगटाच्या अनेक वर्षांच्या सवयीविरुद्धची गोष्ट आहे. त्यातून चालीचा स्वर दर वेळी आवर्तनाच्या सुरुवातीला पडेलच असे नाही. तो कधी दुसऱ्या तर कधी पाचव्या आघातावर येतो, आणि वादकाला त्या नेमक्या स्वरावर वजन देऊन बाकीचे स्वर त्याच्यामागे ठेवावे लागतात. जेसी यांच्या वादनात हे वजन इतक्या अचूकपणे पडते की मूळ गाणे एका क्षणासाठीही हरवत नाही. तीन जोड्यांचे स्वर एकमेकांवर रेंगाळत राहतात, एक विझण्याआधी दुसरा उमटतो, आणि थरथराटाशिवाय वाद्याचा नाद अखंड होतो.

त्यांची दुसरी युक्ती याहून अवघड आहे. कोबर्नच्या बाजूच्या एका बैठकीत एका वयोवृद्ध, निवृत्त खाणकामगारांनी ती मला अगदी जवळून दाखवली. जोडीतील दोन तारांमध्ये जेमतेम दोन-एक मिलिमीटरचे अंतर असते आणि बोट ठेवले की दोन्ही तारा एकत्र दाबल्या जातात. वाद्याची रचनाच तशी आहे. त्या आजोबांनी बोट थोडे उभे केले, नखाची कड जोडीच्या मधल्या फटीत घातली आणि एकच तार पडद्यावर दाबली. पिक फिरवताच एका जोडीतून दोन निरनिराळे स्वर एकदम उमटले. शेजारच्या जोडीवरही काही स्वर असेल, तर दोन जोड्यांतून तीन स्वर निघतात, आणि ऐकणाऱ्याला एक मँडोलिन तीन आवाजांत गात असल्याचा भास होतो. त्यांच्या नखाच्या कडेला तारेने कोरलेली खाच होती. “जेसी हे चालू गाण्यात, हसत हसत करायचे,” एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी वाद्य माझ्या हातात दिले. मला जमले ते फक्त एका पडद्यावर, अगदी संथ लयीत. त्यानंतर जेसी यांची जुनी मुद्रणे ऐकताना मला तो हात दिसू लागला.

मग एवढा मोठा वादक मागे का राहिला? माझ्या मते मुख्य कारण त्यांच्या संगीताच्या स्वभावात आहे. मन्रोंचे मँडोलिन समोर येऊन उभे राहते, तर जेसी यांचे मँडोलिन गाण्याच्या शब्दांना जागा करून देते. ऐकणारा दोन भावांच्या आवाजांत रमतो, आणि त्या आवाजांखाली चाललेले अचाट काम त्याला सुखद पार्श्वभूमी वाटते. दुसरे कारण साधे आहे. त्यांची शैली बैठकीत उचलून नेण्याजोगी नाही. मन्रोंची एखादी चाल नवशिक्यालाही ओबडधोबड का होईना वाजवता येते, आणि अनुकरणातूनच कीर्ती पसरत जाते. जेसी यांची चाल अर्धवट वाजवताच येत नाही.

काळानेही त्यांना फारशी साथ दिली नाही. १९५२ मध्ये कॅपिटॉल कंपनीने या भावांची पहिली महत्त्वाची मुद्रणे केली आणि लगेच जेसी यांना सैन्याचे बोलावणे येऊन कोरियाला जावे लागले. ते परतले तोवर रॉक अँड रोल येऊन ठेपला होता. पुढे मार्था व्हाइट या पिठाच्या कंपनीच्या प्रायोजकत्वावर त्यांनी दक्षिणेत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम केले. १९६४ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्री संगीताच्या प्रसिद्ध रेडिओ-कार्यक्रमाचे सदस्यत्व मिळाले, आणि पोटासाठी ट्रकचालकांची गाणीही गायली. १९६५ मध्ये त्यांनी चक बेरी यांच्या गाण्यांचा संपूर्ण अल्बम ब्लूग्रास वाद्यांवर केला, तेव्हा कर्मठ रसिकांनी नाके मुरडली. मला तो अल्बम जेसी यांच्या मोकळ्या मनाचा पुरावा वाटतो. १९६९ मध्ये ‘द डोअर्स’ या रॉक वाद्यवृंदाच्या ‘द सॉफ्ट परेड’ या अल्बममधील ‘रनिन ब्लू’ या गाण्यात त्यांनीच मँडोलिन वाजवले. तो अल्बम लाखो लोकांनी ऐकला असेल, पण त्यातील मँडोलिन कोणाचे, असे किती जणांनी विचारले असेल?

सन्मान मिळाले नाहीत असे म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये दोघा भावांना पारंपरिक कलांसाठीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. २००२ च्या शेवटच्या दिवशी जिम गेले. पंचावन्न वर्षांची जोडी तुटल्यावर एखादा घरी बसला असता. जेसी ऑप्रीच्या रंगमंचावर जात राहिले आणि २०१० मध्ये, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाच्या गाण्यांचा अल्बम काढला. त्या वृंदाचे जेरी गार्सिया तरुणपणी बँजो वाजवणारे ब्लूग्रासवेडे होते, त्यामुळे हा दुवा वरवर वाटतो तितका दूरचा नाही. जेसी २३ जून २०२३ रोजी टेनेसीतील गॅलाटिन येथे, त्र्याण्णव वर्षांचे असताना निवर्तले. चारच दिवसांनी दुसरे थोर मँडोलिनवादक आणि गायक बॉबी ऑस्बोर्न गेले. त्या आठवड्यात येथील बैठकींत दुसरा विषय नव्हता.

ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी १९५२ च्या ‘आर यू मिसिंग मी’ या गाण्यापासून सुरुवात करावी. गाणे सुरू होते तेच मँडोलिनवर. आधी दोन भावांचे आवाज मनसोक्त ऐकून घ्यावेत, मग कानाला हेडफोन लावून पुन्हा ऐकावे आणि ओळी संपतात त्या जागांकडे लक्ष द्यावे. तीन-तीन-दोनचा झोल तेथे स्पष्ट ओळखू येतो. त्यानंतर ‘डिल पिकल रॅग’ ऐकावे, ज्यात क्रॉसपिकिंग गाण्याच्या आडोशाशिवाय, उघड्यावर ऐकू येते. ‘स्टोनी क्रीक’ ही त्यांची स्वतःची रचना शेवटी ठेवावी. आमच्या बैठकीत ती वाजते तेव्हा ती जेसी मॅकरेनॉल्ड्स यांची आहे हे मी नव्या मंडळींना आवर्जून सांगते.