तुम्ही दोघांनी एकमेकांना अनफॉलो का केलंय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नवरा फेसबुकवर माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, फक्त त्याचं काही मला दिसत नाही आणि माझं त्याला. हे ऐकलं की लोक आधी आमच्या तोंडाकडे बघतात, भांडण झालंय का म्हणून. झालं होतं ना, पण तेही माझं एकटीचंच.

इलेक्शनचे दिवस होते, तो कुणाच्या तरी पोस्टखाली तावातावाने कमेंटा करत होता, ते मला दुपारी ऑफिसात फीडमध्ये दिसलं आणि मग संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडले, त्याच्या वतीने उत्तरं पण मीच दिली (तीही मुद्दाम लेचीपेची). तो घरी आला तर मी तोंड फुगवून बसलेली, आणि हा विचारतो, काय गं, बरं नाहीये का?

नंतर कळलं की त्याच आठवड्यात त्याने त्याच्या आईचा जुना फोटो टाकला होता, खाली इतकं छान लिहिलेलं, आणि तो मला दिसलाच नव्हता. फोटोखाली कोण वाद घालणार? जिथे गर्दी तेच वर येतं. फेसबुकचं तर उघडच झालंय, 2016 ला ते रिअ‍ॅक्शनचे चेहरे आले आणि 2017 पासून पोस्ट वर आणायला रागाच्या चेहऱ्याला लाइकच्या पाचपट वजन होतं, बदामालाही तेवढंच म्हणा, पण रागावलेल्या पोस्टींमध्ये खोटंनाटं जास्त असतं हे त्यांच्याच माणसांना दिसलं आणि शेवटी 2020 मध्ये रागाचं वजन शून्य केलं. त्याआधी 2012 च्या जानेवारीत जवळपास 6 लाख 89 हजार लोकांच्या फीडमधल्या आनंदी नाहीतर दुःखी पोस्टी आठवडाभर कमी करून बघितलं, की ते स्वतः काय लिहितात. फरक अगदी किरकोळ पडला, पण त्या लोकांना विचारलं कुणी होतं?

आमची मतं अजूनही जुळत नाहीत हां. पण आता भांडण घरात होतं, समोर चेहरा असतो, आवाज चढला की एक जण उठून पाणी प्यायला जातो.

परवा म्हणाला, माझी पोस्ट वाचलीस का, मस्त हाणलंय. म्हटलं मला दिसत नाही, वाचून दाखव. जोरात सुरुवात केली, तिसऱ्या ओळीला अडखळला, म्हणाला हे जरा जास्तच झालंय का गं, आणि तिथेच बसून एडिट करायला लागला.