जांभळं खाल्ल्यासारखी जीभ

चवथीला आठ दिवस होते. बाळ दोन दिवसांचं. त्यानं जांभई दिली तेव्हा सासूबाईंनी त्याच्या तोंडात पाहिलं नि म्हणाल्या, "गो, याची जीभ बघ. जांभळं खाल्ल्यासारखी."

फोंड्यात जिथं बाळंतपण झालं, तिथली नर्स म्हणाली, "पावसाचा गारठा आहे. बाळांचे हातपाय निळे पडतात, ऊब द्या." हातापायांबद्दल ती चुकीचं बोलली नव्हती, पण जिभेकडे तिनं पाहिलंच नाही. गुंडाळल्यावर तळवे गुलाबी झाले, जीभ तशीच राहिली. संध्याकाळी हट्टानं ऑक्सिजन मोजायला लावला, तर आकडा ८१.

बाणस्तारीचा पूल ओलांडून रात्री बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी नुसतं बाळाच्या छातीकडे पाहिलं. ना धाप, ना कण्हणं. फुप्फुसाचं दुखणं असतं तर श्वासाला कष्ट पडले असते, म्हणाल्या. मग उजव्या हाताला नि पायाला वेगवेगळं यंत्र लावलं: ८२ आणि ८१. या दोन आकड्यांत मोठी तफावत असती तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढल्याचा संशय आला असता.

मग सुईनं काढलेल्या रक्ताचा थेंब त्यांनी गाळणकागदावर टाकला. काळपट थेंब माझ्यासमोर हळूहळू लाल झाला. हिमोग्लोबिनच बिघडलेलं असतं, तर तो हवा लागूनही चॉकलेटी राहिला असता. एवढ्याशा कागदावर एवढं कळतं, हे मला अजून नवल वाटतं.

शेवटी दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन. फुप्फुसाचा आजार असता तर आकडा चांगला चढला असता. आमचा ८४ वर अडकला. "हृदयच," त्या म्हणाल्या, आणि इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, वाट न पाहता एका औषधाचं ठिबक सुरू केलं. जन्मानंतर मिटत जाणारी एक रक्तवाहिनी त्या औषधानं उघडी राहते नि फुप्फुसाला रक्त मिळतं. पण त्यानं श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून सिस्टर रात्रभर बाळाजवळ बसून होती.

इकोत दिसलं, फुप्फुसाकडे जाणाऱ्या झडपेच्या पाकळ्या जन्मतःच चिकटलेल्या, मधे टाचणीएवढी वाट. अडलेलं निळं रक्त हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रातून डावीकडे वळत होतं.

तिसऱ्या दिवशी मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. मला वाटलं, बाहेर येईल तो गुलाबीच! आला ८७ घेऊन. खालचा उजवा कप्पा जाड, ताठर झालेला असतो, तो सैल पडेपर्यंत थोडं रक्त डावीकडे जातच राहतं, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या रात्री रडले नसते.

सोयरामुळे यंदा आमच्या घरी गणपती नव्हता. चुलत दिरांकडच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचा, फोटो फोनवर आला, त्याच दुपारी यंत्रावर पहिल्यांदा ९३ दिसले. सासूबाईंना आकड्यांवर विश्वास नाही. त्यांनी बाळ रडेपर्यंत वाट पाहिली आणि तोंडात टॉर्च मारला.