एकच इंजिन, म्हणून पुरावे जास्त

बीचक्राफ्ट डेनाली या एका इंजिनाच्या टर्बोप्रॉप (टर्बाइननं पंखा फिरवणाऱ्या) विमानाचं पहिलं उड्डाण २३ नोव्हेंबर २०२१ ला अमेरिकेत विचिटा इथं झालं. त्यातलं जीई या अमेरिकी कंपनीचं कॅटॅलिस्ट इंजिन त्याच्याही आधी, डिसेंबर २०१७ मध्ये, प्रागला चाचणीच्या स्टँडवर पहिल्यांदा सुरू झालं होतं. त्या इंजिनाला एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचं, प्रमाणपत्र मिळायला फेब्रुवारी २०२५ उजाडला. विमानाचं प्रमाणपत्र त्याच्यानंतरचं, कारण इंजिन पास झाल्याशिवाय विमान पास होत नाही.

सात वर्षं म्हटलं की आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुणीही विचारेल, एवढा वेळ लागतो कशाला? माझं मत स्पष्ट आहे: एका इंजिनाच्या विमानात हा वेळ लागलाच पाहिजे. दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं तर दुसरं असतं. इथं ते नाही. म्हणून इंजिन बंद पडणार नाही याचे पुरावे आधी द्यायचे, आणि तरीही पडलं तर माणसं वाचतील याचे पुरावे वेगळे द्यायचे.

पहिल्या भागातल्या चाचण्या कठोर आहेत. १५० तासांची सहनशक्ती चाचणी असते, तीही आरामात फिरवून नव्हे, तर पूर्ण ताकदीच्या टप्प्यांत. मग इंजिन कमाल गतीला ठेवून, वायूचं तापमान मर्यादेच्या ४२ अंश वर नेऊन पाच मिनिटं चालवतात आणि नंतर उघडून पाहतात. पक्षी आत टाकतात, बर्फ टाकतात. मोठा पक्षी गेल्यावर इंजिन चालूच राहिलं पाहिजे अशी अट नसते. आग लागू नये, तुकडे आवरण फोडून बाहेर येऊ नयेत आणि इंजिन सुरक्षित बंद करता यावं, एवढं सिद्ध करायचं असतं. कॅटॅलिस्टसाठी जीईनं या कामात २३ इंजिनं वापरली.

या इंजिनात वैमानिकापुढे एकच लीव्हर आहे. इंधन आणि पंख्याच्या पात्यांचा कोन दोन्ही संगणक सांभाळतो. याचं महत्त्व कळायला कॅरॅव्हॅनसारख्या विमानातलं जुनं पीटी-६ इंजिन सुरू करण्याची पद्धत आठवावी. स्टार्टर लावायचा, गॅस जनरेटरची (इंजिनात हवा दाबणाऱ्या फिरत्या भागाची) गती किमान १२ टक्क्यांवर स्थिरावू द्यायची, मगच कंडिशन लीव्हर, म्हणजे इंधनाचा दांडा, पुढे करून इंधन सोडायचं, आणि नजर टर्बाइनच्या तापमानावरून हलू द्यायची नाही. बॅटरी उतरलेली असेल किंवा मागून वारा येत असेल तर आत हवा कमी पडते. इंधन मात्र तेवढंच येतं. जास्तीची उष्णता वाहून न्यायला हवाच नसते, तापमान काही सेकंदांत मर्यादा ओलांडतं आणि टर्बाइनची पाती खराब होतात. याला हॉट स्टार्ट म्हणतात. लीव्हर ताबडतोब मागे ओढून इंधन तोडायचं आणि स्टार्टर चालूच ठेवून आतली उष्णता बाहेर काढायची, हा त्यावरचा उपाय. संगणक ही चूक होऊ देत नाही. पण मग संगणकच बिघडला तर? म्हणून अशा यंत्रणेला दोन स्वतंत्र चॅनल असतात, आणि वीज पडली किंवा जवळच्या रडारची तीव्र लहर आली तरी इंजिन चालू राहतं हे दाखवावं लागतं. संगणकाशिवाय नुसत्या केबलांवर चालणाऱ्या इंजिनाला हा त्रास नव्हता. मला वाटतं, नव्या इंजिनांचे बरेच महिने इथंच जातात.

दुसरा भाग इंजिन थांबल्यानंतरचा. एका इंजिनाच्या लहान विमानांना उतरतानाच्या रचनेत स्टॉलची गती (जिच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत ती) ६१ नॉटच्या, म्हणजे ताशी ११३ किलोमीटरच्या, आत ठेवण्याची अट अमेरिकेच्या नियमांत २०१७ पर्यंत होती. कारण सरळ गणिताचं आहे: आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. ६१ ऐवजी ८० नॉटनं शेतात उतरलात तर ऊर्जा जवळपास पावणेदोन पट होते. ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्या विमानाला एवढं हळू उडता यावं म्हणून पंख मोठा ठेवावा लागतो, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) मोठे लावावे लागतात. डेनालीचा कमाल क्रूझ वेग २८५ नॉट सांगितला जातो, तेव्हा ही ओढाताण लक्षात घ्यावी. खुर्च्यांचीही गतिमान चाचणी होते. पुढच्या रांगेला २६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २६ पट, समोरचा झटका सोसून पट्टा आणि डोकं दोन्ही मर्यादेत राहिलं पाहिजे.

आता हेच आपल्या आकाशात मांडून पाहा. या वर्गातलं विमान, पंख्याची पाती फेदर केली, म्हणजे हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून कडेनं वाऱ्याकडे वळवली तर, एक हजार फूट उंची सोडताना साधारण साडेचार किलोमीटर पुढे जातं. सांबऱ्याची, म्हणजे बेळगाव विमानतळाची, धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फुटांवर. २०,००० फुटांवर असाल तर हातात १७,५०० फूट, म्हणजे वारा नसताना ८० किलोमीटरच्या आसपास. सांबरा ते हुबळी विमानतळ सरळ रेषेत ७५ किलोमीटर, कोल्हापूर ९५. त्यामुळे कोल्हापूरच्या वाटेवर निपाणीजवळ इंजिन थांबलं तरी उंची असेल तर विमानतळ आवाक्यात असतो. पश्चिमेला चोर्ल्याच्या आणि आंबोलीच्या बाजूला चित्र वेगळं. खाली घाट आणि दाट जंगल, पावसाळ्यात ढग डोंगराला टेकलेले. तिथं कमी उंचीवरून जायचंच नाही, हे उड्डाणाच्या आराखड्यातच ठरवावं लागतं.

युरोपनं २०१७ मध्ये एका टर्बाइन इंजिनाच्या विमानांना रात्री आणि ढगांतून व्यावसायिक प्रवासी नेण्याची मुभा दिली ती याच हिशेबावर. इंजिनाची ताकद जाण्याच्या घटना दर १० लाख उड्डाण-तासांत १० पेक्षा कमी असाव्यात, आणि वाटेत कुठे कुठे उतरता येईल याचं नियोजन असावं. नव्या इंजिनाकडे हा इतिहास नसतोच. पीटी-६ कडे तो कोट्यवधी तासांचा आहे, आणि ते इंजिन वापरणाऱ्या पिलाटस पीसी-१२ या एका इंजिनाच्या विमानाला त्याचाच फायदा मिळतो.

माहितीपत्रकातले आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. टेक-ऑफचं अंतर बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणि १५ अंश तापमानाला दिलेलं असतं. एप्रिलच्या दुपारी सांबऱ्याला ३६ अंश असतील तर हवा ५,६०० फुटांवर असल्यासारखी विरळ वागते. टर्बोप्रॉप इंजिनं उन्हातही पूर्ण ताकद मिळावी म्हणून राखीव क्षमतेनं बांधलेली असतात, तरी पंखाला आणि पंख्याला विरळ हवाच मिळते. सांबऱ्याची २,३०० मीटरची धावपट्टी अशा विमानाला भरपूर. प्रश्न छोट्या पट्ट्यांचा. आणि एफएएचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे भारतात नोंदणी आपोआप होत नाही, डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान नियामक संस्थेची, मान्यता स्वतंत्र लागते.

हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमुळे (विशेष आर्थिक क्षेत्रामुळे) आपल्या भागात विमानाचे सुटे भाग बनवणं नवं राहिलेलं नाही, आणि मच्छे-उद्यमबागेतली काही वर्कशॉप त्या कामाकडे डोळे लावून आहेत. त्यांनी हे प्रमाणन नीट समजून घ्यावं, कारण तोच नियम जॉबपर्यंत खाली येतो. मायक्रॉनमध्ये माप बसवणं आपल्या टर्नरांना येतं. नापास होतात ते कागदावर: बारचा हीट नंबर (धातू कोणत्या ओतणीतला ते सांगणारा क्रमांक) कापलेल्या तुकड्यावर पुन्हा न मारणं, हीट ट्रीटमेंट मान्यता नसलेल्या ठिकाणी करून घेणं, डीबरिंग (कडेचे बारीक काटे काढणं) हातानं केलं आणि प्रोसेस शीटवर ते लिहिलंच नाही असं होणं. टूलची एक बारीक रेघ किंवा कडेला राहिलेला बर हीच धातूच्या थकव्यानं पडणाऱ्या भेगेची सुरुवात असते, म्हणून तो कागद मागतात. पहिल्या नगाची पूर्ण तपासणी, म्हणजे ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप आणि प्रत्येक टीप क्रमांक घालून नोंदवणं, एकदा झाली की संपली असंही नाही. मशिन दुसऱ्या शेडमध्ये हलवलं, प्रोग्रॅम किंवा फिक्श्चर बदललं, कच्चा माल दुसरीकडून घेतला, तर बदलाचा परिणाम होणारी मापं पुन्हा तपासायची. त्या भागाचं उत्पादन दोन वर्षं बंद राहिलं, तरीही.