वीस वर्षांची इंडिका आणि आईंची जागा

परवा आमची इंडिका गेली. म्हणजे विकली. लिहायला बसले तर पहिलं हेच वाक्य आलं आणि ते तसंच ठेवतेय, कारण घरात सगळे "गेली" असंच म्हणतायत, "विकली" कोणाच्याच तोंडून येत नाही.

थोडं मागचं सांगते. माझे सासरे (मी त्यांना बाबाच म्हणते) टेल्कोत होते, चिंचवडच्या कार प्लॅन्टला. कंपनीचं नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झालं पण आमच्या शाहूनगरमध्ये आजही जुन्या लोकांच्या तोंडी टेल्कोच आहे आणि बाबा तर दुसरं काही म्हणतच नाहीत. इंडिका बाजारात आली ती १९९८ च्या अगदी शेवटी, डिसेंबरात, आणि आठवड्याभरात लाखाच्या वर बुकिंग आलं ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून किती वेळा ऐकलीय याला गणतीच नाही. मारुती झेनएवढा आकार, आत अँबेसेडरएवढी ऐसपैस जागा, किंमत मारुती ८०० च्या जवळपास आणि खर्च डिझेलचा, अशी गाडी रतन टाटांना हवी होती. ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला प्लॅन्ट विकत घेऊन तो खोलून जहाजाने पुण्याला आणला आणि इथे परत उभा केला, हे सांगताना बाबांचे हात अजूनही असे हलतात जणू काही ते आत्ता नट आवळतायत. आपल्या हाताखालून गेलेली गाडी आपल्या दारात उभी करायची हे त्यांनी ठरवलं होतं आणि २००५ च्या दसऱ्याला इंडिका व्ही टू डिझेल घरी आली, पांढरी, एमएच १४ ची.

मी या घरात आले ती २००९ मध्ये, याच गाडीतून. झेंडूच्या माळा लावलेल्या, काचेवर दोघांची नावं, आणि चालवायला खुद्द बाबा, कारण दुसऱ्या कोणाच्या हातात त्या दिवशी किल्ली द्यायला ते तयार नव्हते. मला ड्रायव्हिंग शिकवलं ते पण बाबांनीच. सून गाडी शिकतेय याचं तेव्हा आजूबाजूला थोडं नवल होतं पण बाबांनी कोणाचं काही मनावर घेतलं नाही, रोज पहाटे साडेपाचला मला घेऊन स्पाइन रोडला जायचे आणि एकच वाक्य, "हीटरचा दिवा विझू दे, मगच सेल्फ मार." डिझेलची गाडी, थंडीत आधी किल्ली अर्धी फिरवून तो पिवळा दिवा जाईपर्यंत थांबायचं. मला अजूनही कुठल्याही गाडीत बसल्यावर दोन सेकंद थांबायची सवय आहे ती तिथून आलीय.

आणि तिचा आवाज. डिझेल इंजिनचा तो खडखडाट गल्लीच्या तोंडाशी आला की आई (सासूबाई) चहाचं आधण ठेवायच्या, आम्ही वर येईपर्यंत चहा तयार. वीस वर्षं या घराचा चहा त्या आवाजावर झालाय.

बाबांची एक वही आहे, खरं तर तीन वह्या. डिझेल कधी भरलं, किती लिटर, काटा किती, ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट किती किलोमीटरला टाकली, आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाला गाडीत कोण कोण होतं ते पण. प्लॅन्टमधली सवय, लिहिल्याशिवाय काम झालंच असं ते मानत नाहीत. एका पानावर "सूनबाईने चालवली, निगडी ते तळेगाव, गिअर नीट" असं लिहिलंय आणि ते पान मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलंय.

आता गाडी का बदलली. गाडी जुनी झाली म्हणून नाही हो. दोन लाख अडतीस हजार किलोमीटर झाले होते, एसी तीन वर्षांपासून थकला होता, काही पार्ट मिळायला आता आठवडा लागायचा (२०१८ ला उत्पादनच बंद झालं ना), पण इंजिन चालत होतं आणि बाबा असेपर्यंत ते चाललंच असतं. बदललं ते आईंमुळे.

आम्ही घरात सात. आई, बाबा, आम्ही दोघं, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ, आणि २०२३ पासून नवऱ्याची आत्या पण आमच्याकडेच असते, कारण काका गेल्यावर तिला तिकडे एकटीला ठेवणं आम्हाला पटेना. मुलं लहान होती तोवर मांडीवर घेऊन जमून जायचं (आता वाटतं ते किती धोक्याचं होतं, पण तेव्हा सगळेच तसं करायचे). मुलं मोठी झाली आणि इंडिकात सात माणसं बसेनात. मग गावाला निघायचं ठरलं की आदल्या दिवशी आई म्हणायच्या, "तुम्ही जाऊन या, मी थांबते." कारण दर वेळेला वेगळं. उद्या पाण्याचा दिवस आहे (आमच्याकडे पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं), दूधवाल्याचे पैसे द्यायचेत, गुडघा दुखतोय, कुलूप लावून सगळ्यांनी जाणं बरं नाही. इतकं सहज म्हणायच्या की आम्हाला ते खरंच वाटायचं. बाबा म्हणायचे मी थांबतो, तर त्या म्हणायच्या गाडीचं काही झालं तर तुम्ही लागाल. आत्या म्हणायची मी थांबते, तर तिला नव्या घरात एकटीला कसं ठेवायचं. शेवटी गॅलरीतून हात करायला आईच.

यावर्षी जानेवारीत सातारा जिल्ह्यातल्या पालच्या खंडोबाच्या यात्रेला गेलो. आमचं गाव तिथून जवळच, तारळी नदीच्या काठाला. भंडाऱ्याने सगळे पिवळे झालेले, आणि भावकीतल्या एक म्हाताऱ्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तुझी सासू कुठाय गं? आजारी हाय का? तीन वर्सं झाली दिसली न्हाई." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर बाबांची तिसरी वही काढली आणि मागची पानं चाळली. पाल, "सौ. घरी." मे महिन्यात गाव, "सौ. घरी." कोल्हापूर, अंबाबाई, "सौ. घरी." गणपतीपुळे, "सौ. घरी." बाबांच्या त्या सरळ नेटक्या अक्षरात, ऑइल बदललंच्या खालच्या ओळीत. मी ती वही तशीच नेऊन नवऱ्यासमोर ठेवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मोठी गाडी बघूया.

बाबांना सांगणं अवघड गेलं. उन्हाळ्यात आम्ही इंडिकाला ती नवीन एचएसआरपी नंबर प्लेट बसवून घेतली होती त्यामुळे त्यांना वाटत होतं की गाडी राहतेय. रतन टाटा गेले तेव्हा, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी कोणाशी काही न बोलता खाली जाऊन गाडी धुतली होती, पुसली होती, आणि बॉनेटवर एक फूल ठेवलं होतं. त्या माणसाला गाडी विकूया म्हणायचं. नवऱ्याला धीर झाला नाही, मीच वही उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावला, चार पानं वाचली आणि म्हणाले, "मीच लिहिलंय की हे." एवढंच.

मग शोध सुरू. बाबांचं म्हणणं घ्यायची तर टाटाचीच, आणि सफारी सगळ्यांनाच आवडली होती पण ती आमच्या बजेटच्या वर जात होती, तेव्हा ते स्वतःच म्हणाले कर्ज काढून माझा हट्ट पुरवू नका. महिंद्राच्या बोलेरो निओला मागच्या सीट समोरासमोर, आडव्या, घाटात तिथे मुलांना बसवायला माझं मन होईना. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आतली, मागची सीट काढूनच ठेवता येते, किंमतही बरीच कमी, पण सातही जण बसल्यावर डिकीत उरतात ८४ लिटर, म्हणजे एखादी बॅग. मारुतीच्या एर्टिगात सात बसून २०९ लिटर. तीन-चार बॅगा आणि येताना गावचे तांदूळ. सीएनजी घ्यावी असं खूप जणांनी सुचवलं, रोड टॅक्सही कमी बसतो, पण टाकी डिकीतच येते आणि सामानाची जागा ती खाते, मग सात जणांनी बॅगा ठेवायच्या कुठे. म्हणून पेट्रोल. डिझेल का नाही हे बाबा दोनदा विचारून गेले, पण मारुतीने एप्रिल २०२० ला बीएस सिक्स (धुराचे नवे कडक नियम) आल्यापासून डिझेल बंदच केलंय.

कोणाला सात सीटची गाडी घ्यायची असेल तर माझं कळकळीचं सांगणं, शोरूमला नवरा-बायको दोघांनीच जाऊ नका, सगळं घर न्या. आम्ही तीन ठिकाणी सातच्या सात गेलो आणि प्रत्येक गाडीत सगळे बसून दारं लावून दहा मिनिटं थांबलो. आई पाय कसा टाकतात, चढताना हात कुठे धरतात, मधल्या सीटवरून उतरताना गुडघ्यात कळ येते का, हे कागदावर वाचून कळत नाही. मुलगी उंच झालीय, तिचे गुडघे तिसऱ्या रांगेत समोरच्या सीटला लागतात का ते पण बघितलं. एर्टिगाची मधली सीट पुढे सरकते म्हणून जमलं. आणि सहा एअरबॅग आता सगळ्याच मॉडेलला येतात, आमच्या इंडिकात एकही नव्हती.

तारखा पण अशा जुळल्या. इंडिकाची आरसी (गाडीची नोंदणी) १५ वर्षांनी नवी करून घेतली होती, कोरोनात मुदत वाढून मिळाली होती तेव्हा, आणि ती पाच वर्षं यंदा ऑक्टोबरलाच संपत होती. २० वर्षांच्या पुढच्या कारची रिन्यूअलची फी ऑगस्टमध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली, वर ग्रीन टॅक्स, फिटनेस वेगळं. आणि २२ सप्टेंबर २०२५ ला, बरोबर घटस्थापनेला, जीएसटी बदलला. छोट्या गाड्यांना १८ टक्के झाला तसा आपल्याला नाही मिळाला, कारण एर्टिगा चार मीटरपेक्षा लांब आणि इंजिन १४६२ सीसीचं, पण आधी सेस धरून ४५ टक्के लागत होता तो ४० वर आला, आमच्यासाठी तेवढंही खूप होतं. दसऱ्याला बुकिंग केलं आणि पाडव्याला गाडी मिळाली.

पार्किंगचा एक प्रश्न होता, एर्टिगा इंडिकापेक्षा सव्वादोन फुटांहून जास्त लांब. बाबांनी टेप घेऊन खांबापासून खांबापर्यंत मोजलं, खडूने रेघ मारली, आणि शेजारच्यांना विचारून त्यांची स्कूटर हातभर सरकवून घेतली.

इंडिका आमच्या आकुर्डीच्या मिस्त्रींनी घेतली. गेली चौदा वर्षं तेच तिचं सगळं बघायचे. भंगारात जाऊ देणार नाही, गावाकडे जुन्नरला चालवणार, पासिंग मीच करून घेतो म्हणाले, म्हणून बाबांनी हो म्हटलं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना बाबांनी पेन दोनदा खाली ठेवलं. मग जॅक, पाना, स्टेपनी सगळं स्वतः मोजून दिलं, क्लच कसा हलका ठेवायचा ते त्या माणसाला सांगितलं ज्याने तो क्लच बसवला होता, आणि मिस्त्रींनी पण पहिल्यांदाच ऐकतोय असं सगळं ऐकून घेतलं. खूप मोठ्या मनाचा माणूस. गाडी सुरू झाली, गल्लीच्या तोंडाशी गेली, वळली, आवाज येत होता तोवर आम्ही सगळे खालीच उभे होतो. आई वर गॅलरीत होत्या. वर आलो तर चहा तयार होता, म्हणाल्या, आवाज आला आणि हात सवयीने आधण ठेवायला गेला.

नव्या गाडीला आवाजच नाही. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं, ते पहिल्यांदा झालं तेव्हा बाबा दचकून म्हणाले बंद पडली, आणि क्लच दाबल्यावर परत सुरू झाली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला बरं वाटलं, कारण तो प्लॅन्टमधला माणूस होता, हे कसं केलं असेल याचा विचार करणारा.

पहिला प्रवास भाऊबीजेचा. आईंचं माहेर तारळ्याच्या बाजूला, महामार्गावरून नागठाण्याला आत वळायचं. गेली तीन वर्षं मामाच एसटीने चिंचवडला यायचे ओवाळून घ्यायला. या वेळी आईंनी स्वतः कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मधल्या रांगेत खिडकीशी बसल्या, शेजारी आत्या, पलीकडे बाबा, मागे मुलं, पुढे आम्ही. मांडीवर ताटाची पिशवी, ती डिकीत द्यायला तयारच नाहीत. खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी चढताना आईंनी काच खाली घेतली, म्हणाल्या किती दिवसांनी हा घाट बघतेय, आणि आनेवाडीला त्यांनी पर्समध्ये हात घालून किल्ली आहे ना बघितली.

मामा फाट्यावर येऊन उभे होते. रस्त्याकडे पाठ, कोणाशी तरी बोलत, कारण त्यांना पण त्या खडखडाटाची सवय, आवाज आला की वळायचं एवढंच माहीत. आम्ही अगदी शेजारी जाऊन थांबलो तरी त्यांना कळलं नाही. हॉर्न मारणार तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला, खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून, माहेरच्या बोलीत, जी मी सोळा वर्षांत फार थोड्या वेळा ऐकलीय, "दादा, आरं हिकडं! मी आलीया!"