टाइम्सच्या इमारतीपासून काळा घोड्यापर्यंत : रूडी फॉन लायडन यांच्या मागावर

फोर्टात फिरायचे तर रविवारची सकाळ बरी, कारण फेरीवाले आणि टॅक्सीवाले जागे होण्यापूर्वी इमारतींकडे मान वर करून पाहता येते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर टाइम्स ऑफ इंडियाची जुनी इमारत आहे. सोबत आलेले निवृत्त चित्रकला शिक्षक आणि मी तिथून चालायला सुरुवात केली. ज्या माणसाच्या मागावर आम्ही निघालो होतो, त्याचे मुंबईतील नाव या वृत्तपत्रामुळेच झाले.

रूडी फॉन लायडन यांचा जन्म १९०८ साली बर्लिनमध्ये झाला. शिक्षण भूगर्भशास्त्राचे, त्यात डॉक्टरेटही मिळवलेली. परंतु १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि त्याच वर्षी हा तरुण भावाच्या आधाराने मुंबईत दाखल झाला. इथे भूगर्भशास्त्र बाजूला पडले. त्यांनी जाहिरातींची चित्रे केली, पुढे टाइम्समध्ये कलासमीक्षा लिहिली आणि ‘डेन्ली’ या नावाने व्यंगचित्रेही काढली. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर त्याच वृत्तपत्राचे कलासंचालक होते, तर इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रांचे खंदे खरेदीदार; मायदेशातून परागंदा झालेल्या या तिघांनी मुंबईतल्या होतकरू चित्रकारांना दिलेला आधार आपल्याकडे फारसा कोणी आठवत नाही.

हुतात्मा चौक ओलांडून आम्ही के. दुभाष मार्गावर आलो. जुन्या मुंबईकरांचा हा रॅम्पार्ट रो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या तरुण चित्रकारांच्या गटाचे १९४९ मधील मुंबईतील प्रदर्शन याच रस्त्यावर भरले होते. सूझा, रझा, हुसेन यांची नावे आज लिलावांमुळे सर्वतोमुखी झाली आहेत, पण आमच्या सरांचा जीव त्याच गटातील के. एच. आरांवर. घरकाम करून आणि मोटारी धुऊन पोट भरणाऱ्या या माणसाच्या हातातली कला ज्यांनी आरंभीच ओळखली, त्यांत लायडन होते. हेच आरा पुढे याच रस्त्यावरील आर्टिस्ट्स सेंटरचे काम पाहू लागले. “अहो, परीक्षणात चार चांगले शब्द कोणीही लिहील,” सर म्हणाले, “लायडननी चित्रे विकत घ्यायला खिशात हात घातला, हे महत्त्वाचे.”

मला मात्र इथे थोडे अडखळायला होते. ज्याची चित्रे विकत घ्यायची त्याच्याच प्रदर्शनावर वृत्तपत्रात लिहायचे, हे आजच्या संपादकाला चालणार नाही, आणि चालूही नये. तरीही त्या काळाचा विचार करता मी लायडन यांच्याच बाजूने झुकतो. जहांगीर आर्ट गॅलरी उभी राहिली ती १९५२ मध्ये, आणि तिच्या पहिल्या मजल्यावर केकू गांधी यांची केमोल्ड गॅलरी सुरू झाली ती १९६३ मध्ये. त्याआधी नव्या चित्राला भिंत, वाचक आणि गिऱ्हाईक या तिन्ही गोष्टी एखाद्याच उत्साही माणसाने जमवून द्याव्या लागत.

वृत्तपत्र सोडून लायडन उद्योगक्षेत्रात गेले आणि व्होल्टासमध्ये मोठ्या पदावर पोहोचले. पण त्यांच्या संग्राहक वृत्तीचे मला सर्वाधिक कौतुक वाटते ते गंजिफांसाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या जुन्या खेळपत्त्यांसाठी. चित्रे जमवणारे पुष्कळ. खेळायची पाने जमवून त्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारा विरळा. सरांनी पिशवीतून सावंतवाडीचे एक गोल पान काढले. तळहातात सहज मावणारे, लाखेच्या लेपाने चकचकीत, कडेने वेलबुट्टी, आणि मध्ये मत्स्यावतार. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने, म्हणजे एकूण १२०. मोगली गंजिफेत आठ रंग आणि ९६ पाने. त्यातही गंमत अशी की निम्म्या रंगांत दश्शी भारी, तर निम्म्यांत एक्का. लायडन यांचे गंजिफांवरील इंग्रजी पुस्तक १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने प्रकाशित केले. आपल्याकडे ही पाने पेटाऱ्यात पडून होती. सत्तरच्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या उचलली, म्हणून ती टिकली.

शेवटी आम्ही काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरलो, आणखी एका संग्राहकाचे दालन पाहायला. हे जहांगीर निकल्सन लायडन यांच्यासारखे पत्रकार नव्हेत, कापसाचे व्यापारी. त्यांनी जमवलेली सुमारे ८०० आधुनिक चित्रे-शिल्पे सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाचे दालन इथे २०११ पासून आहे. दालनात एक कॉलेजची मुलगी जमिनीवर बसून एका चित्राची नक्कल करत होती. सर तिच्या मागे बराच वेळ उभे राहिले, आणि अखेर न राहवून त्यांनी तिची पेन्सिल मागून घेतली.